मुक्त पाठ्यसाहित्य आणि लेखकाची इच्छा

[नभोवाणीवरून केलेलें भाषण]



आजचा विषय वरवर पाहतां कायद्याचा, आणि म्हणून रूक्ष वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाहीं हें दाखविण्यासाठीं प्रथम माझ्याच हातून घडलेला एक अपराध सांगतों.

आमच्या शाळेंत माझ्याबरोबर गणित शिकविणाऱ्या एक बाई होत्या. दुधाचा रतीब, वाण्याची उधारी, एस्.टी.चें तिकीट अशा रोजच्या व्यवहारांतून त्यांनीं अंकगणिताचीं उदाहरणें रचलीं होतीं आणि एका वहींत उतरून ठेविलीं होतीं. ती वही मागेल त्यास त्या आनंदानें देत. निवृत्त झाल्यावर मीं ती वही टंकलिखित केली व एका शैक्षणिक विकीवर चढविली. खालीं लिहिलें, ‘एका अनुभवी शिक्षिकेच्या वहीवरून’. बाईंचें नांव घालण्याची गरज मला वाटली नाहीं. त्यांना विचारण्याची तर नाहींच. वर्षभरानें बाजारांत एक मार्गदर्शक पुस्तक आलें. त्यांत तींच उदाहरणें होतीं, पुस्तकावर किंमत होती, आणि ऋणनिर्देशांत नांव होतें तें माझें! मी तें पुस्तक घेऊन बाईंच्या घरीं गेलों. त्यांनीं पानें चाळलीं, मिटलीं, आणि इतकेंच म्हणाल्या, “मीं नको म्हटलें असतें असें नाहीं, गुरुजी; पण एकदां विचारायचें होतेंत.”

आजच्या विषयाचें सारें मर्म त्या एका वाक्यांत आहे.

विकी म्हणजे संगणकाच्या जाळ्यावरील अशीं पानें, कीं जीं कोणीही वाचावीं आणि कोणीही सुधारावीं. विकिपीडिया हा ज्ञानकोश २००१ सालीं इंग्रजींत सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्रदिनीं झाला. अशा पानामागें ‘इतिहास’ नांवाचें दुसरें पान असतें व त्यांत कोणीं केव्हां कोणता बदल केला याची नोंद राहते. ही व्यवस्था मोठी प्रामाणिक आहे. परंतु ती फक्त विकीवर घडलेलेंच नोंदविते. बाहेरून आणलेला मजकूर मूळ कोणाचा, हें तेथें आणणाऱ्यानेंच सांगावयाचें असतें. मीं तें सांगितलें नाहीं, म्हणून यंत्रानें माझें नांव नोंदविलें आणि प्रकाशकानें तेंच उचललें. दोष यंत्राचा नव्हे, प्रकाशकाचाही फारसा नव्हे.

आतां आपण सर्वच करतों त्या एका घोटाळ्याकडे वळूं. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे शब्द आपण एकच समजतों. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें आज कोणालाही जाळ्यावरून विनामूल्य उतरवून घेतां येतात. परंतु त्याच पुस्तकांच्या आरंभीं सर्व हक्क मंडळाकडे असल्याचें आणि लेखी परवानगीवांचून कोणताही भाग उद्धृत न करण्याविषयीं स्पष्ट लिहिलेलें असतें. म्हणजे तें पुस्तक फुकट आहे, मुक्त नाहीं. विहिरीचें पाणी पिऊं दिलें म्हणून विहिरीवर मोट बसविण्याचा अधिकार मिळत नाहीं. वर्गांत शिकवितांना उतारे वापरण्याची कांहीं सवलत आपला कायदा शिक्षकांस देतो, हें खरें. पण विकी म्हणजे वर्ग नव्हे, तो चव्हाटा आहे.

मग मुक्त म्हणजे काय? ज्या साहित्याच्या कर्त्यानें इतरांस तें वापरण्याची, वांटण्याची व बदलण्याची परवानगी आधींच देऊन ठेविली आहे, तें मुक्त. ही परवानगी प्रत्येकानें वेगवेगळ्या शब्दांत दिली तर गोंधळ होईल. म्हणून अमेरिकेंत २००१ सालीं स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनें २००२ च्या डिसेंबरांत ठराविक नमुन्याचे परवाने प्रसिद्ध केले. आज त्यांतील मुख्य परवाने सहा आहेत आणि ते चार अटींच्या निरनिराळ्या मेळांतून बनले आहेत. पहिली अट श्रेयाची : कर्त्याचें नांव सांगा, आणि बदल केला असल्यास तसें कळवा. ही सहाही परवान्यांत आहे. दुसरी, समान वांटणीची : माझ्या साहित्यावरून जें नवें कराल तेंही याच अटींवर इतरांस द्या. तिसरी, व्यापारी उपयोग नको. चौथी, बदललेली प्रत वांटूं नका.

विकिपीडियानें यांपैकीं फक्त पहिल्या दोन अटींचा परवाना आपल्या लेखांसाठीं पत्करला आहे. २००९ पासून तेथें हीच व्यवस्था आहे. याचा परिणाम नीट ध्यानांत घ्यावा. जो लेखक ‘व्यापार नको’ किंवा ‘बदल नको’ म्हणतो, त्याचा मजकूर तेथें उतरवितां येत नाहीं. कारण तेथील मजकूर विकण्यासही मोकळीक आहे आणि बदलण्यासही. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या प्रख्यात संस्थेनें आपले अभ्यासक्रम जगास खुले केले आहेत. परंतु त्यांवर व्यापारी उपयोग न करण्याची अट आहे. त्यामुळें ते शिकण्यास खुले असले तरी विकिपीडियावर उतरवून घेण्यास खुले नाहींत. अशा वेळीं मूळ स्थळाचा पत्ता द्यावा, अथवा विषय समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहावा. ज्ञान कोणाच्या मालकीचें नसतें. मालकी असते ती त्याच्या मांडणीवर.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. हा परवाना एकदां दिला कीं परत घेतां येत नाहीं. कर्त्यानें पुढें आपलें मन बदललें, तर तो नव्यानें देणें थांबवूं शकतो. पण ज्यांच्या हातीं तें साहित्य पडलें त्यांचा अधिकार कायम राहतो. म्हणून दुसऱ्याच्या वतीनें परवाना देणें ही किरकोळ चूक नव्हे. ज्याचा हक्क नाहीं त्यानें दिलेला परवाना मुळांत पोकळच. परंतु तोंपर्यंत प्रती गांवोगांव गेलेल्या असतात. माझ्या बाबतींत मीं विकीच्या चर्चेच्या पानावर खरा प्रकार लिहिला आणि तें पान काढवून घेतलें. छापलेलीं पुस्तकें मात्र परत बोलावतां आलीं नाहींत.

आपल्याकडे १९५७ च्या लेखाधिकाराच्या कायद्यांत कलम ५७ आहे. लेखकानें आपले हक्क विकून टाकले तरी ‘ही कृति माझी’ असें म्हणण्याचा आणि आपल्या कीर्तीस बाधा येईल अशा मोडतोडीस हरकत घेण्याचा अधिकार या कलमानें त्याच्यापाशीं राहतो. आर्थिक हक्कास मुदत आहे : लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें. साने गुरुजी १९५० सालीं वारले. त्यामुळें त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं पुस्तकें २०११ च्या आरंभापासून सर्वांचीं झालीं. आतां तीं कोणीही छापावीं, विकीवर ठेवावीं. पण म्हणून साने गुरुजींचें नांव काढून कोणी तेथें आपलें घातलें, तर त्यास आपण काय म्हणूं?

हा विवेक आपल्यास परका नाहीं. संतांचे अभंग शेंकडों वर्षें फुकट वांटले गेले, कोणीही गावे, कोणीही उतरून घ्यावे. पण शेवटच्या चरणांतील ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ ही मुद्रा कोणी पुसली नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. उतरवून घेणाऱ्यांनीं मध्यें घुसडलेला मजकूर त्यांना जाचला. म्हणून यांत आपली ओवी घालणें म्हणजे अमृताच्या ताटांत करवंटी ठेवणें होय, अशा अर्थाचा इशारा त्यांनीं देऊन ठेविला. वांटा, पण भेसळ करूं नका, ही त्यांची अट होती.

याचा अर्थ लेखकाचा प्रत्येक हट्ट पुरवावा असा नव्हे. उदाहरणाचें उत्तर चुकलें असेल तर तें सुधारलेंच पाहिजे. टीकाही झाली पाहिजे. ज्यास एका अक्षराचाही बदल सहन होत नाहीं, त्यानें विकीवर लिहूं नये. परंतु हें त्यास आधीं समजावून सांगणें हें आपलें काम आहे. विचारावयाचें तें इतकेंच : आपलें नांव कसें घालूं? इतरांनीं बदल केलेले चालतील काय? कोणीं विकलें तर चालेल काय? हें परत घेतां येणार नाहीं, हें ठाऊक आहे ना? उत्तर लेखी घ्यावें आणि जपून ठेवावें.

गेल्या वर्षीं बाईंनीं आपली दुसरी वही मजपुढें ठेविली. चारी अटी त्यांनीं दोनदां वाचून घेतल्या. उदाहरणें त्यांनीं विकीस दिलीं, विक्रीच्या मुभेसह. वहीच्या आरंभीं मात्र त्यांनीं आपल्या अध्यापनाविषयीं चार पानें लिहिलीं आहेत. त्यांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हीं माझीं. यांत कोणीं हात घालूं नये.” तीं पानें विकीवर नाहींत. उदाहरणांच्या माथ्यावर बाईंचें संपूर्ण नांव आहे. तें मीं प्रथम टंकलिखित केलें, आणि मगच पहिलें उदाहरण.