‘सध्या काय करता?’ : हार्वर्डच्या १८३७ च्या वर्गातील एक उत्तर

महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचे स्नेहसंमेलन ठरले, की घरोघरी एक पत्रक येते. पूर्वी ते टपालाने येत असे, आता भ्रमणध्वनीवर येते. रकाने मात्र तेच राहिले आहेत. नाव, पदवीचे वर्ष, सध्याचा हुद्दा, संस्थेचे नाव, विवाह, अपत्ये, विशेष सन्मान. ज्याने मोठ्या कंपनीत नोकरी धरली तो पाच मिनिटांत पत्रक भरून मोकळा होतो. पदवी घेऊन वडिलांच्या पेढीवर परतलेला मुलगा मात्र ‘हुद्दा’ या शब्दापाशी थबकतो. सकाळी गाळा उघडणे, मालाची उतराई पाहणे, उधारी वसुलीसाठी चार ठिकाणी जाणे, संध्याकाळी रोजमेळ जुळवणे. यांतील हुद्दा कोणता? बहुधा तो ‘घरचा व्यवसाय’ एवढे दोन शब्द लिहितो, किंवा पत्रक परत पाठवीतच नाही.

१८४७ साली अमेरिकेत असाच एक तीस वर्षांचा पदवीधर अशाच पत्रकापाशी अडला होता. त्याच्याही वडिलांचा छोटा कारखाना होता, पेन्सिलींचा. त्याने उत्तर पाठवले, आणि ते आजही वाचले जाते. त्या पदवीधराचे नाव हेन्री डेव्हिड थोरो. वॉल्डन तळ्याकाठच्या त्याच्या वास्तव्याचे पुस्तक दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणले आणि गांधीजींच्या संदर्भात त्याचे नाव आपल्याकडे अनेकदा घेतले जाते. पेन्सिलवाल्याचा मुलगा म्हणून मात्र तो फारसा परिचित नाही.

बोस्टनजवळच्या हार्वर्ड महाविद्यालयात प्रत्येक वर्षीच्या तुकडीचा एक चिटणीस असे. पदवीनंतर कोण कोठे गेला, कोणता पेशा पत्करला, लग्न झाले का, मुले किती, ही माहिती त्याने गोळा करावयाची आणि नोंदवून ठेवावयाची. ही प्रथा तेथे अद्याप टिकून आहे. दर पाच वर्षांनी प्रत्येक तुकडीचा लाल बांधणीचा वृत्तांत निघतो आणि त्यात ज्याने त्याने आपली हकीकत आपणच लिहावयाची असते. १८३७ च्या तुकडीचे चिटणीस होते हेन्री विल्यम्स. पदवीला दहा वर्षे झाली तेव्हा त्यांनी सहाध्यायांना प्रश्न पाठवले.

थोरोचे उत्तर ३० सप्टेंबर १८४७ चे आहे. आरंभीच तो कबूल करतो, की वर्गाविषयी आपल्याला फारशी ओढ नाही; हार्वर्डमध्ये चार वर्षे काढली हेही जवळपास विसरलो आहे, ती बहुधा पूर्वजन्मीची गोष्ट असावी. मग प्रश्नांच्या क्रमाने उत्तरे येतात. जन्म १२ जुलै १८१७, काँकर्ड गावी, ‘असे म्हणतात’. महाविद्यालयाच्या योग्य कोठे झालात? या प्रश्नावर तो म्हणतो, गावच्या शाळेत योग्य झालो, किंवा अयोग्य झालो. विवाह? झालेला नाही.

पेशाच्या प्रश्नावर त्याची लेखणी खरी मोकळी सुटते. आपला पेशा एक नाही, अनेक आहेत, असे सांगून तो यादीच देतो : शाळामास्तर, खाजगी शिकवण्या घेणारा, जमीन मोजणारा, माळी, शेतकरी, रंगारी (म्हणजे घरे रंगवणारा, हे तो आवर्जून सांगतो), सुतार, गवंडी, रोजंदार, पेन्सिली करणारा, काचकागद करणारा, लेखक, आणि अधूनमधून यमके जुळवणारा. ज्याच्या वर्गमित्रांत रिचर्ड हेन्री डाना यांच्यासारखा प्रथितयश वकील आणि ग्रंथकार होता, त्या तुकडीच्या दप्तरात ही यादी गेली. तळटीप तर अधिकच टोकदार आहे. वर्गाने आपल्याला दयेचा विषय समजू नये. उलट कोणा सहाध्यायाला पैशाची अडचण असेल तर त्याने कळवावे, आपण त्याला पैशाहून मोलाचा सल्ला देऊ, असे तो लिहितो.

हे उत्तर वाचताना हसू येते, आणि त्यातली बोचही लपत नाही. ज्याला आपल्या स्थितीविषयी लोक काय म्हणतात याची मुळीच पर्वा नाही, तो अशी तळटीप लिहीत नाही. कारण मागची दहा वर्षे तशी सरळ गेलेली नव्हती.

हेन्रीचे शिक्षण एकट्या वडिलांच्या कमाईवर झाले नव्हते. थोरला भाऊ जॉन आणि बहीण हेलन शाळेत शिकवीत. त्यांच्या पगारातूनही धाकट्याच्या हार्वर्डच्या खर्चाला हातभार लागला. आई सिंथिया घरी भाडोत्री ठेवून त्यांची खानावळ चालवी. एका मुलाला शिकवण्यासाठी साऱ्या घराने हात आखडता घ्यावा, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांना समजावून सांगण्याची गरज नाही. अशा शिक्षणानंतर घराची अपेक्षा काय असते, तेही सांगावयास नको.

तो पदवी घेऊन बाहेर पडला ते वर्षही वाईट होते. १८३७ च्या वसंतात अमेरिकेतील बँका कोलमडल्या आणि मंदी पसरली. गावच्या शाळेत त्याला नोकरी मिळाली, पण मुलांना छडी मारण्याचा आग्रह झाला म्हणून ती त्याने सुमारे दोन आठवड्यांत सोडली. मग तो वडिलांच्या कारखान्यात आला. पुढे त्याने भावाबरोबर स्वतःची शाळा काढली. जॉनची प्रकृती ढासळली तेव्हा तीही बंद करावी लागली, आणि १८४२ च्या जानेवारीत जॉन धनुर्वाताने गेला. विवाह आणि अपत्ये विचारणाऱ्या पत्रकांत भावासाठी रकाना नसतो.

त्या कारखान्याची कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे. हेन्रीचे मामा चार्ल्स डनबर यांना १८२१ साली न्यू हॅम्पशायरमधील ब्रिस्टल येथे ग्रॅफाइटचा साठा सापडला आणि त्यातून घरचा पेन्सिल-उद्योग उभा राहिला. वडील जॉन थोरो यांनी तो हाती घेतला. त्या काळची अमेरिकन पेन्सिल म्हणजे ग्राहकाची परीक्षाच होती. ग्रॅफाइटची भरड पूड गोंद, मेण अशा पदार्थांत कालवून लाकडाच्या खाचेत भरत. रेघ तेलकट उमटे, खरखरे आणि टोक मोडे. चांगली पेन्सिल हवी असेल त्याने युरोपातून आलेली घ्यावी, हा बाजाराचा नियम होता. फ्रान्समध्ये कॉन्ते याने १७९५ सालीच ग्रॅफाइट आणि चिकणमाती एकत्र करून भट्टीत भाजण्याची कृती शोधली होती, परंतु ती काँकर्डला ठाऊक नव्हती.

चिकणमातीचा उपयोग हेन्रीच्या ध्यानात कसा आला, याविषयी हार्वर्डच्या ग्रंथालयात त्याला त्याचा सुगावा लागला असे सांगतात. तसे असेल तर ज्या चार वर्षांना तो पूर्वजन्म म्हणतो त्यांनी कारखान्याचे देणे फेडले असे म्हणावे लागेल. माती मिळाली तरी पूड भरडच होती. तेव्हा त्याने वडिलांबरोबर नवी गिरणी रचली. जात्याभोवती सुमारे सात फूट उंचीचा अरुंद पेटारा उभा केला, त्याच्या माथ्याशी एक पसरट बंदिस्त कप्पा जोडला आणि खालून वर हवा खेळती ठेवली. जी पूड इतकी बारीक की हवेबरोबर सात फूट चढून कप्प्यात जाऊन बसेल, तेवढीच घ्यावयाची. बाकीची पुन्हा जात्यात. मातीचे प्रमाण कमीअधिक करून कठीण आणि मऊ अशा क्रमांकवार पेन्सिली काढता येऊ लागल्या. १८४४ च्या सुमारास थोरोंची पेन्सिल अमेरिकेत उत्तम गणली जाई.

मित्र इमर्सन याने सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. बोस्टनच्या रसायनज्ञांनी आणि चित्रकारांनी या पेन्सिलीची प्रशंसा केली तेव्हा लोक हेन्रीचे अभिनंदन करू लागले, की आता तुझा संपत्तीचा मार्ग खुला झाला. त्यावर तो म्हणाला, मी यापुढे पेन्सिल करणार नाही. एकदा केलेली गोष्ट पुन्हा कशाला करू? गोष्ट चांगली आहे. फक्त ती घडली नाही. घरी गरज पडली की हेन्री कारखान्यात हजर असे. एके ठिकाणी रोजनिशीत त्याने नोंदले आहे, की शंभर डॉलरचे एक देणे फेडण्यासाठी आपल्याला एक हजार डॉलरच्या पेन्सिली कराव्या लागल्या, त्या हळूहळू विकाव्या लागल्या आणि शेवटी पडत्या भावाने काढाव्या लागल्या. पडत्या भावाने माल काढण्याचे दुःख ज्याने अनुभवले आहे, त्यालाच या वाक्याचे वजन कळेल.

व्यापाराशी त्याचे भांडण मात्र जुने होते. ३० ऑगस्ट १८३७ रोजी पदवीदान समारंभात त्याला बोलावयास जो विषय मिळाला तो होता, आधुनिक काळातील व्यापारी वृत्ती. तेव्हा वीस वर्षांच्या हेन्रीने सुचवले होते, की आठवड्याचा क्रम उलटा करावा : एक दिवस श्रमाचा, सहा दिवस विश्रांतीचे, मनाच्या आणि आत्म्याच्या मशागतीचे. समोर बसलेल्या पालकांना त्या मंदीच्या वर्षी हे कितपत रुचले असेल, याची कल्पना करता येते. आणि तरीही हाच मनुष्य ‘वॉल्डन’च्या पहिल्याच प्रकरणात हिशेबाची वही उघडून बसतो. झोपडीचा एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. फळ्या, खिळे, चुना, प्रत्येक बाब निराळी. पहिल्या वर्षाच्या शेतीतून खर्च वजा जाता शिल्लक ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. अर्धा सेंटही सोडलेला नाही. व्यापारावर टीका करणाऱ्या ग्रंथात इतका चोख जमाखर्च क्वचितच सापडेल. पेन्सिलवाल्याच्या घरातील संस्कार तेवढा टिकला.

त्या तळ्याचा व्यापाराशी आणखी एक संबंध आहे आणि तो मुंबईपर्यंत येतो. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डनचे पाणी गोठले, तेव्हा बर्फ कापणाऱ्या मजुरांची टोळी तेथे येऊन ठेपली. बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांचा बर्फ त्या काळी भुशात बांधून जहाजाने कलकत्ता, मद्रास आणि मुंबईस येत असे. आपल्या विहिरीचे पाणी मुंबईकर पितात, या कल्पनेने थोरोला मोठी गंमत वाटली आणि त्याने ती पुस्तकात नोंदवून ठेवली. वर्गाच्या चिटणीसांना उत्तर गेले ते याच वर्षी. तेव्हा तळ्याकाठची झोपडी सोडून त्याला महिनाही झालेला नव्हता.

यादीतल्या ‘लेखक’ या शब्दाचा ताळेबंद पुढील काही वर्षांत लागला. पहिले पुस्तक १८४९ साली स्वतःच्या जोखमीवर छापले गेले, प्रती एक हजार. चार वर्षांनी न खपलेल्या ७०६ प्रती प्रकाशकाने घरी पाठवून दिल्या आणि छपाईचे देणे हेन्रीने फेडले. गठ्ठे पाठीवरून माडीवर नेताना तो म्हणाला, की आपल्या संग्रहात आता सुमारे नऊशे ग्रंथ आहेत, पैकी सातशेहून अधिक आपण स्वतः लिहिलेले. मोजणीच्या कामाची रोजी आणि घरचे ग्रॅफाइट यांवर तो उभा होता. जर्मन पेन्सिली स्वस्त आणि चांगल्या येऊ लागल्या तेव्हा थोरो कुटुंबाने पेन्सिलीचा मोह सोडला आणि नवे गिऱ्हाईक धरले. छपाईचे ठसे विद्युत्-पद्धतीने करणाऱ्यांना अतिशय बारीक ग्रॅफाइट लागे, आणि ती पूड तर सात फुटी पेटाऱ्यात तयारच होती.

१८५९ च्या फेब्रुवारीत वडील गेले. ज्याने वर्गाला आपण प्रचलित अर्थाच्या नोकरीधंद्यावाचून जगण्याचा मार्ग शोधला आहे असे कळवले होते, त्याच्या अंगावर आता घराचा धंदा आला, आणि त्याने तो पाहिला. मागण्या, पाठवणी, हिशेब, घरातील आई आणि बहीण. क्षय त्या घरात पूर्वीच शिरला होता. १८४९ साली हेलन त्यानेच गेली होती. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, हेन्रीही गेला. अंत्यसंस्काराच्या वेळी इमर्सनने मोठे हृद्य भाषण केले, पण त्यातही एक तक्रार राहून गेलीच : या माणसाला महत्त्वाकांक्षा नव्हती, साऱ्या अमेरिकेसाठी योजना आखावयाच्या सोडून तो रानमेवा वेचावयास जाणाऱ्या मुलांचा म्होरक्या होऊन राहिला. ‘सध्या काय करता?’ हा प्रश्न, एकूण, तिरडीपर्यंत सोबत करतो.

हेन्री विल्यम्स यांनी आपले काम सोडले नाही. पदवीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १८८७ मध्ये, त्यांनी १८३७ च्या वर्गाचा स्मरणग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर थोरोला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. वर्गातील त्याचा मित्र चार्ल्स स्टर्न्स व्हीलर याला तर १८४३ मध्येच जर्मनीत मृत्यू आला होता. दहाव्या वर्षीच्या पत्रकालाही त्याचे उत्तर येणार नव्हते.

सोफिया या धाकट्या बहिणीला असे पत्रक कधी येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण हार्वर्ड तेव्हा फक्त मुलग्यांचे होते. भाऊ गेल्यावर ग्रॅफाइटच्या धंद्याचा पत्रव्यवहार तिच्याकडे आला. त्याच काळात तिने हेन्रीचे कागद निवडले, मुद्रिते तपासली, आणि १८६३ ते १८६५ या तीन वर्षांत त्याची तीन पुस्तके सिद्ध करण्यात तिचा मोठा हात राहिला.