प्रदर्शनातील ऑर्किड आणि आंब्यावरील आमरी

पुण्याच्या एम्प्रेस उद्यानात दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, फुलांचे मोठे प्रदर्शन भरते. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या १८३० साली स्थापन झालेल्या संस्थेकडे या उद्यानाची व्यवस्था आहे. शहरातील हौशी मंडळी येथे सहकुटुंब येतात, आणि अलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतकऱ्यांचे गटही अभ्यास-सहलीच्या निमित्ताने येऊ लागले आहेत. गुलाब, शेवंती, डेलिया यांची मांडणी शेतकऱ्यास परिचित असते. तो त्यांच्यापुढून कौतुकाने पण सहज पुढे जातो. पाऊल अडते ते ऑर्किडपुढे.

त्याचे कारणही तसेच आहे. मातीचा कण नसलेल्या लाकडी जाळीच्या टोपलीतून वांडाची निळसर-जांभळी फुले उमललेली असतात आणि तिची करड्या रंगाची मुळे हातभर खाली अधांतरी लोंबत असतात. शेजारी डेंड्रोबियमचे जांभळे-पांढरे तुरे, पतंगांची रांग बसावी तशी फॅलेनॉप्सिसची पसरट फुले, पिवळ्या घेरदार झग्यातील बाहुलीसारखे दिसणारे ऑन्सिडियम, आणि मखमली ओठाचे कॅटलिया. प्रत्येक फुलास तीन निदले व तीन पाकळ्या असतात. त्यांपैकी एका पाकळीचे रूप इतरांहून निराळे, रुंद व बहुधा अधिक रंगीत असते. हीच त्या फुलाचा ओठ होय. कीटकास उतरण्यासाठी निसर्गाने बांधलेला हा ओटा आहे. ओट्याच्या मागे पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र जोडून झालेला एकच स्तंभ असतो. परागकण सुटे नसून त्यांचे लहान गोळे बनलेले असतात व ते कीटकाच्या डोक्यास किंवा पाठीस चिकटून दुसऱ्या फुलाकडे जातात. ही रचना भिंगातून एकदा अवश्य पाहावी.

फुले पाहून झाली की शेतकरी बहुधा दोन प्रश्न विचारतो. हे झाड मातीवाचून जगते कसे, हा पहिला. आणि हे आपल्याकडे होईल काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्याच्याच बागेत, त्याच्याच आंब्याच्या खोडावर असते आणि त्याची त्याला कल्पना नसते.

बांडगुळ नव्हे

ऑर्किडला मराठीत आमरी असे नाव आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या गणनेप्रमाणे आपल्या देशात ऑर्किडच्या १,२५६ जाती आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक झाडांवर वाढणाऱ्या आहेत, आणि केवळ भारतातच आढळणाऱ्या ३८८ जातींपैकी सुमारे एक-तृतीयांश पश्चिम घाटात सापडतात. सह्याद्रीच्या पट्ट्यात व कोकणात आंबा, फणस, जांभूळ यांच्या जुन्या खोडांवर जाड, पट्ट्यासारख्या पानांची जी एक वनस्पती दिसते, आणि जिला पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, पांढऱ्या-जांभळ्या फुलांची शेपटीसारखी लांब वेणी लोंबते, ती सीतेची वेणी. हिचेच फूल आसामात कपौ फूल म्हणून मानाचे आहे व त्या राज्याचे ते राज्यपुष्प आहे. बिहू नृत्यात स्त्रिया ते केसांत माळतात. महाबळेश्वराच्या परिसरात उन्हाळ्याच्या प्रारंभी निष्पर्ण कांड्यांवर पांढरी, कोवळ्या गुलाबी छटेची फुले येतात, ते एक रानटी डेंड्रोबियम होय. प्रदर्शनातील जांभळ्या तुऱ्यांचे ते सख्खे नातलग आहे.

अशी ही वनस्पती अनेक बागांत कोयत्याने खरवडून खाली टाकली जाते. बागाईतदार तिला बांडगूळ समजतो. समज चुकीचा असला तरी त्यामागील काळजी खरी आहे, कारण बांडगुळाने आंब्याचे होणारे नुकसान काल्पनिक नाही. म्हणून दोहोंतील भेद स्पष्टपणे ध्यानात घेतला पाहिजे.

बांडगुळाची मुळे सालीखाली शिरून लाकडापर्यंत जातात आणि तेथून झाडाचे पाणी व त्यात विरघळलेली खनिजे ओढून घेतात. ज्या ठिकाणी ते बसते तेथे फांदीवर गाठ येते, गाठीपुढील फांदी खंगत जाते व शेवटी वाळते. त्याची फळे चिकट असतात. फुलटोच्यासारखे लहान पक्षी ती खातात व बी दुसऱ्या फांदीवर पुसून टाकतात. तेथे नवे बांडगूळ उगवते. यासाठी त्यास फळे धरण्यापूर्वीच, गाठीच्या पुष्कळ खालून, निरोगी लाकडात फांदी कापून काढावी. नुसते वरचे वर छाटल्यास ते गाठीतून पुन्हा फुटते.

आमरीचे तसे नाही. तिची मुळे सालीवरून पसरतात, सालीच्या आत जात नाहीत. पाते लावून हलकेच उचलल्यास ती सालीपासून सुटतात आणि खालची साल अखंड दिसते. गाठ नाही, जखम नाही. या मुळांवर पांढुरक्या, स्पंजासारख्या मृत पेशींचे जाड वेष्टन असते. पाऊस, धुके किंवा दव यांतील पाणी ते टिपकागदाप्रमाणे शोषून घेते, आणि ओले होताच मूळ हिरवे दिसू लागते. पानांतून कुजलेला पाचोळा, पावसाबरोबर येणारी धूळ, पक्ष्यांची विष्ठा यांतून तिला अन्नद्रव्ये मिळतात. अनेक जातींत कांडे फुगीर होऊन त्यात पाणी साठवले जाते, म्हणून त्या फेब्रुवारी ते मे हे कोरडे महिने निभावून नेतात. आंब्याच्या झाडाकडून आमरी घेते ती फक्त जागा. हिच्यामुळे आंब्याचा मोहोर कमी येतो असे मानण्यास काही आधार नाही. शंका वाटल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्याने एकाच बागेत बांडगुळाची एक गाठ व आमरीचे एक मूळ शेतकऱ्यासमोर शेजारी शेजारी ठेवून दाखवावे. तासभराच्या व्याख्यानाने जे साधत नाही ते या दोन तुकड्यांनी साधते.

धुळीएवढे बी

खरवडून टाकलेली आमरी पुन्हा सहजासहजी येत नाही, हेही सांगितले पाहिजे. तिच्या एका शेंगेत हजारो, काही जातींत लक्षावधी बिया असतात; पण त्या धुळीसारख्या सूक्ष्म असून त्यांत अंकुराच्या पोषणासाठी अन्नाचा साठा नसतो. ज्वारीचा दाणा आपली शिदोरी बरोबर घेऊन जन्मास येतो. ऑर्किडचे बी रिकाम्या हाताने येते. योग्य प्रकारची बुरशी त्या बियात शिरून तिला अन्न पुरवील तरच ते रुजते, ही गोष्ट नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली उघडकीस आणली. त्यापुढे १९२२ साली अमेरिकेत लुईस नुडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर बुरशीवाचूनही बी रुजविता येते हे सिद्ध केले. १९६० साली फ्रान्सचे जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकातील ऊतीपासून एकसारखी अनेक रोपे तयार करण्याची रीत ऑर्किडसाठी मांडली. राजेरजवाड्यांच्या काचघरांतील दुर्मिळ वस्तू बाजारात आली ती या दोन शोधांमुळे. प्रदर्शनात विक्रीस ठेवलेले डेंड्रोबियम हे बहुतेक अशा प्रयोगशाळेच्या बाटलीतून निघालेले असते.

बहुतेक म्हणण्याचे कारण असे की, प्रदर्शनांच्या बाहेर, घाटातील रस्त्यांच्या कडेला आणि शहरांतील काही बाजारांत रानातून उपटलेली आमरी अजूनही विकली जाते. मुळे तुटलेली, साल चिकटलेली, पानांवर रानातील शेवाळ असलेली अशी रोपे ओळखणे कठीण नाही. ती घेऊ नयेत. घरी आणल्यावर त्यांतील फार थोडी जगतात. राखीव वनातून झाडे काढणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि निळा वांडा, तांबडा वांडा व लेडीज स्लिपर या ऑर्किडना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे खास संरक्षण आहे. दुसऱ्या देशात ऑर्किड पाठविण्यावर तर आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे.

आपल्याकडे होईल काय?

आता दुसरा प्रश्न. याचे उत्तर गाव पाहून द्यावे लागते. प्रदर्शनाच्या मांडवात जे फूल दिसते ते तेथे वाढलेले नसते. पुण्याच्या जानेवारीतील रात्री डेंड्रोबियमला मानवत नाहीत; ही झाडे उबदार, दमट प्रदेशातील आहेत. फॅलेनॉप्सिसची गोष्ट आणखी निराळी. तिला फुलाचा दांडा धरण्यासाठी काही आठवडे उष्णता बेताची, साधारण २५ अंश सेल्सिअसच्या आत, असावी लागते. त्यामुळे कुंडीतील ती देखणी फुले बहुधा वातानुकूलित हरितगृहात तयार झालेली असतात. साध्या शेडनेटमध्ये तोच बहर येईल अशा अपेक्षेने कर्ज काढणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

कोकण व गोव्याच्या दमट हवेत डेंड्रोबियमच्या संकरित जाती मात्र चांगल्या येतात. त्यांतील सोनिया ही जांभळी-पांढरी जात फुलविक्रेत्यांच्या विशेष परिचयाची आहे. हिला निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक सावली देणारी जाळी, खेळती हवा, आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा व विटांचे खडे यांचे पाणी न धरणारे माध्यम लागते. खत थोडे पण वारंवार, लिटरभर पाण्यात एक ते दोन ग्रॅम या प्रमाणात फवारून द्यावे. वाढीच्या काळात नत्र अधिक, फुलांच्या काळात स्फुरद व पालाश अधिक. झाडे मरतात ती पाण्याच्या टंचाईपेक्षा अतिरेकानेच, कारण मुळे सतत ओली राहिली की कुजतात. पावसाळ्यात गोगलगाई मुळांची कोवळी टोके व कळ्या खातात. त्या संध्याकाळी कंदिलाच्या प्रकाशात वेचणे हा जुना उपाय अजूनही स्वस्त व खात्रीचा आहे. विहिरीचे पाणी खारट असेल तर या धंद्याचा विचार न करणेच श्रेयस्कर, कारण क्षार माध्यमात साचून मुळे जळतात. पावसाचे पाणी साठविण्याची सोय असल्यास गोष्ट वेगळी.

दांड्यावरील सुमारे तीन-चतुर्थांश फुले उमलली म्हणजे तो कापतात. येथे आंबा बागाईतदारांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. कापलेली ऑर्किडची फुले पिकणाऱ्या आंब्याच्या खोलीत किंवा त्याच गाडीत कदापि ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो व त्यामुळे ही फुले लवकर मलूल होऊन गळतात. फार थंड शीतगृहही त्यांना सोसत नाही.

लागवड करण्यापूर्वी विक्रीची चौकशी करावी, हे वाक्य प्रत्येक पत्रिकेत असते व प्रत्येक जण ते वाचून पुढे जातो. म्हणून येथे एक उदाहरण देणे इष्ट होईल. व्हॅनिला ही देखील ऑर्किडच आहे. तिचे फूल एकच सकाळ उमलते आणि मेक्सिकोबाहेर ते हाताने फलित करावे लागते. ही रीत रीयुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने १८४१ साली शोधली. २००० नंतर मादागास्करमधील वादळांमुळे व्हॅनिलाचा जगभर तुटवडा पडला आणि २००३-०४ च्या सुमारास कर्नाटक-केरळात हिरव्या शेंगेस किलोमागे हजारांनी भाव मिळू लागला. तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी सुपारीच्या व मिरीच्या बागांत वेल लावले, चढ्या भावाने कलमे घेतली, कित्येकांनी कर्जही काढले. वेलास शेंगा धरण्यास तीन वर्षे लागतात. तोवर मादागास्करचे पीक सावरले, ग्राहकांनी कृत्रिम अर्क पत्करला, आणि भाव असे कोसळले की शेंगा तोडण्याची मजुरीही अनेकांस परवडेना. त्या काळात पैसे मिळविले ते मुख्यतः कलमे विकणाऱ्यांनी.

डेंड्रोबियमलाही पूर्ण उत्पन्नावर येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. थायलंडमधून आपल्या बाजारात येणाऱ्या फुलांशी त्यास टक्कर द्यावी लागते. रोपे विकणारा फुले परत घेण्याचे तोंडी आश्वासन देत असेल तर ते लेखी मागावे. लेखी देण्यास तो तयार नसेल तर त्याचा अर्थ उघड आहे. प्रथम शे-दोनशे झाडे लावून, जवळच्या शहरातील पाच-सहा फूलवाल्यांना वर्षभर माल देऊन पाहावा. दापोलीच्या कृषि विद्यापीठातील तज्ज्ञांचा व तालुका कृषी कार्यालयाचा सल्ला कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी घ्यावा. सही केल्यानंतर घेतलेला सल्ला कामाचा नसतो.

ज्यांना धंदा करावयाचा नाही, पण आपल्या बागेतील आमरी जगवावयाची आहे, त्यांच्यासाठी काम अगदी थोडे आहे. आंब्याची वाळकी फांदी छाटताना तिच्यावर आमरी असेल तर ती सालीच्या तुकड्यासह सोडवून घ्यावी व सावलीत ठेवावी. पहिला पाऊस पडताच आंबा, फणस किंवा जांभूळ यांच्या खडबडीत खोडावर, जेथे सकाळचे कोवळे ऊन येते अशा बाजूस, मुळे सालीस टेकवून काथ्याच्या दोरीने घट्ट पण मुळे न चेंगरतील अशी बांधावी. पेरूसारख्या साल टाकणाऱ्या झाडावर बांधू नये. माती किंवा शेण लावू नये. पावसाळा संपेपर्यंत नवी हिरवी टोके सालीवर चिकटून पुढे सरकलेली दिसली म्हणजे मूळ धरले असे समजावे. दोरी मग आपोआप कुजून पडते.