मासेमाराचा मोबाईल आणि शेतकऱ्याचा एसएमएस: एकाच प्रश्नाची दोन उत्तरं

"डिजिटल अर्थव्यवस्थेवर पीएचडी करायची आहे," असं सांगणारे बरेच जण भेटतात. नेमकं काय करणार, असं विचारलं की उत्तर येतं, "डिजिटल तंत्रज्ञानाचा अमुक घटकावर होणारा परिणाम." हा विषय झाला, संशोधन प्रश्न नव्हे. दोघांतला फरक समजून घ्यायचा असेल तर दोन शोधनिबंध शेजारी ठेवून वाचा. दोन्ही भारतातले. दोन्हींमध्ये मोबाईल आहे आणि बाजारभावाची माहिती आहे. निष्कर्ष मात्र अगदी वेगळे.

केरळ: भाव कळला आणि होडी वळली

पहिला निबंध रॉबर्ट जेन्सन यांचा, 2007 साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आलेला. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर तारली पकडणारे मासेमार आपल्याच गावच्या किनाऱ्यावर मासळी विकत. दुसरीकडे काय भाव चाललाय, हे समुद्रात कळायची सोयच नव्हती. 14 जानेवारी 1997 या दिवसाची नोंद बघा. वडकऱ्याला 11 मासेमारांना गिऱ्हाईक मिळालं नाही, मासळी फेकून द्यावी लागली. त्याच वेळी 15 किलोमीटरच्या आतल्या किनाऱ्यांवर 27 खरेदीदार रिकाम्या हाताने परत निघाले होते.

मोबाईल आल्यावर मासेमार समुद्रातूनच चौकशी करू लागले आणि जिथे मागणी तिथे होडी नेऊ लागले. किनाऱ्या-किनाऱ्यांमधली भावाची तफावत खूप घटली, मासळी फेकणं जवळपास थांबलं. मासेमारांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

पण हे मोबाईलमुळेच झालं कशावरून? डिझेलचे दर, हंगाम, मागणी, सगळंच बदलत असतं. इथे एक गोष्ट कामी आली. 1997 ते 2000 या काळात मोबाईल सेवा वेगवेगळ्या भागांत टप्प्याटप्प्याने पोचली. त्यामुळे रेंज आलेल्या भागाची तुलना अजून न आलेल्या भागाशी करता आली. भाव सावरले तेही प्रत्येक भागात रेंज आल्यानंतर, त्याच क्रमाने.

महाराष्ट्र: एसएमएस आला, भाव तोच

दुसरा निबंध मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांचा, 2012 सालचा. महाराष्ट्रातल्या 100 गावांत त्यांनी प्रयोग केला. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, निवडलेल्या शेतकऱ्यांना 'रॉयटर्स मार्केट लाइट' ही एसएमएस सेवा वर्षभर मोफत दिली. बाजारभाव, हवामान, पिकांबद्दल सल्ला असं सगळं त्यात होतं. पिकं होती टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू आणि सोयाबीन.

निकाल काय? शेतकऱ्याला मिळालेल्या भावावर सरासरी परिणाम आढळला नाही. विक्रीची जागा आणि मालाची प्रतवारी यांत थोडा बदल दिसला, पण तो किरकोळ होता.

मग खरं कोणाचं?

दोघांचंही. कारण दोघांनी वेगवेगळे प्रश्न विचारलेत.

आधी तुलना कशाशी आहे ते पाहा. केरळमध्ये 'फोन आहे' विरुद्ध 'फोनच नाही' अशी तुलना आहे. महाराष्ट्रात दोन्ही गटांकडे फोन होताच, फरक फक्त त्या सेवेचा. ज्याच्या खिशात फोन आहे तो आडत्याला किंवा बाजारात गेलेल्या शेजाऱ्याला विचारू शकतो. म्हणजे एसएमएसने किती *नवी* माहिती दिली, हाच प्रश्न उरतो.

मग माहितीवर कृती करता येते का ते पाहा. मासेमाराची होडी पाण्यातच असते, तो दिशा बदलू शकतो. शेतकऱ्याला दूरच्या बाजारात जायचं तर टेम्पोचं भाडं आलं. आडत्याकडून उचल घेतली असेल तर माल दुसरीकडे नेणंही अवघड. अर्थात यातलं कोणतं कारण किती खरं, हे सरासरीच्या आकड्यावरून कळत नाही. प्रत्येक कारण म्हणजे तपासायचं एक गृहीतक आहे. खरा संशोधन प्रश्न इथे सापडतो.

तुमच्या प्रस्तावासाठी

समजा विषय आहे, 'यूपीआयचा छोट्या दुकानदारांवर परिणाम'. यूपीआय सुरू झालं 2016 च्या एप्रिलमध्ये आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. नुसती 'आधी आणि नंतर' अशी तुलना केली तर दोन्हींचे परिणाम एकमेकांत मिसळतील. 'क्यूआर कोड लावलेली आणि न लावलेली दुकानं' अशी तुलना केली तर वेगळीच अडचण येते. कोड लावणारा दुकानदार मुळातच जास्त धडपड्या असू शकतो. म्हणून सर्वेक्षणाची प्रश्नावली करायच्या आधी तीन ओळी लिहून काढा: तुलना कोणाशी, नवीन काय मिळालं आणि त्यावर कृती करायला आडवं काय येतं.

शेवटचं एक. 'परिणाम आढळला नाही' हा निकाल आला म्हणून घाबरू नका. पण 'आढळला नाही' म्हणजे 'परिणाम नाहीच' असंही लिहू नका. नमुना लहान असेल तर खरा परिणामही निसटतो. फाफशां-मिंटेन यांचा निबंध वाचला जातो, कारण त्यांनी प्रयोग नीट आखला होता. तसा आखलेला असेल, तर 'परिणाम आढळला नाही' हेही पुढच्या संशोधकाच्या उपयोगी पडतं.