वाढत्या घराचा किराणा

घरात मुलं वाढायला लागली, की सगळ्यात आधी वाढतो तो वाण्याचा हिशेब. दोन चपात्यांत उठणारा मुलगा नववीत गेला, की पाच चपात्या खाऊनही 'आई, अजून आहे का गं?' असं विचारतो. त्यानं मागावं आणि आपण वाढावं, यासारखं सुख नाही. पण महिन्याची मिळकत काही त्याच्या उंचीबरोबर वाढत नाही. मग कात्री लागते. ती कुठं लागते, याविषयी मला आज थोडं बोलायचं आहे.

बहुतेक घरांत कात्री लागते ती आवाज न करता. वरण थोडं पातळ होतं. दुधात जरा पाणी जास्त पडतं. उसळ आठवड्यातून चारदा होत होती, ती दोनदा होते. आणि शेवटी पातेल्यात जे उरेल ते घरातली बाई खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण आपल्या ताटाकडे पाहिलं तर एक कारण तिथंही सापडेल. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की काटकसर जरूर करावी, पण ती पिशवीत करावी, ताटात करू नये.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे घराला किती लागतं, हे ठाऊक हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. रोज साधारण दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (मांसाहार करणाऱ्यांच्या बाबतीत त्यातच अंडी, मासे, मटण), ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आणि सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप असं माप दिलं आहे. शेतात राबणाऱ्याला धान्य जास्त लागेल, लहान मुलाला कमी. पण हिशेबाला हे माप चांगलं आहे.

आमच्या घरी आम्ही पाच माणसं. सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. महिन्याचा हिशेब केला, तर धान्य साडेसदतीस किलो, डाळी-कडधान्यं जवळपास पावणेतेरा किलो आणि तेल-तूप मिळून साधारण साडेचार लिटर. हे आकडे मी शेजारपाजारी सांगितले, तेव्हा तेलाचा आकडा ऐकून बायका म्हणाल्या, 'एवढ्यात कसं भागायचं?' आणि डाळीचा आकडा ऐकून म्हणाल्या, 'एवढी डाळ कोण शिजवतं?' या दोन प्रश्नांतच आपल्या किराण्याचं दुखणं आहे. तेल लागतं त्यापेक्षा जास्त येतं आणि डाळ लागते त्यापेक्षा कमी. तेलाचा एक डबा कमी करून त्या पैशांची मटकी, चवळी, मूग आणले, तर खर्च न वाढवता मुलांच्या ताटात भर पडते.

दुसरी गोष्ट रेशनची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला पस्तीस किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. मघाच्या हिशेबात माणशी साडेसात किलो धान्य लागत होतं, म्हणजे दोन तृतीयांश गरज इथंच भागते. तरी काही घरं 'रेशनचा तांदूळ आमच्याकडे खात नाहीत' म्हणून तो स्वस्तात विकतात आणि दुकानातून महाग तांदूळ आणतात. हा तांदूळ इडली, डोसा, आंबोळी, भाकरी, खिचडी यांना उत्तम चालतो. घरात नवीन बाळ आलं किंवा सून आली, तर कार्डावर नाव लगेच चढवून घ्यावं. नाव नाही तर त्या माणसाचं धान्यही नाही.

आता आमच्या मुळशीची गोष्ट. एकीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती, मधे पिरंगुटचे कारखाने आणि दुसरीकडे ताम्हिणीचा धो धो पाऊस, असा आमचा तालुका. भात हे इथलं मुख्य पीक. कार्तिकात कापणी-मळणी झाली, की भाताचा भाव उतरलेला असतो. आम्ही तेव्हाच ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचं भात घेतो. तांदूळ नव्हे, भात. म्हणजे सालीसकट. शंभर किलो भात गिरणीत नेलं, की कणीसकट साधारण पासष्ट किलोच्या आसपास तांदूळ मिळतो. भाताचा भाव, गिरणीची मजुरी आणि गाडीभाडं एकत्र धरून, त्याला हाती आलेल्या तांदळानं भागायचं. जो भाव निघेल तो दुकानातल्या भावाशी ताडून पाहायचा. परवडत असेल तरच घ्यायचं. वर कणी मिळते, तिची पेज आणि धिरडी होतात. कोंडा गुरांना जातो.

सालीतल्या भाताला तांदळापेक्षा कीड कमी लागते. सासूबाई म्हणतात, 'साल म्हणजे तांदळाचं पांघरूण. भर पावसात ते काढू नये.' म्हणून पावसाळ्यापुरता तांदूळ उन्हाळ्यातच गिरणीतून काढून आणायचा आणि बाकीचं भात कणगीत तसंच ठेवायचं. आणखी एक. नवा तांदूळ चिकट होतो आणि फुगत नाही. जुना झाला की तेवढ्याच मापट्यात जास्त भात होतो. पाच-सहा महिने थांबणं हीसुद्धा बचतच आहे.

मुळशीच्या आंबेमोहोराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं पीक कमी येतं, म्हणून तो महाग. पण आंबेमोहोर म्हणून बाजारात विकला जाणारा सगळा तांदूळ आंबेमोहोर नसतो. आंध्रातला जिरेशंकर तसाच बारीक दिसतो आणि पुष्कळदा त्याच नावानं खपतो. रोजच्या जेवणाला इंद्रायणी पुरेसा आहे. तो मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झाला. आंबेमोहोर सणासुदीला, बाळाच्या भाताला आणि आजाऱ्याच्या पेजेला ठेवावा, आणि घ्यायचा तर खात्रीच्या शेतकऱ्याकडूनच घ्यावा.

भातासारखाच प्रत्येक जिनसाला त्याचा हंगाम असतो. नवी तूर पौष-माघात बाजारात येते, हरभरा आणि गहू होळीच्या आगेमागे. मिरची, हळद, चिंच उन्हाळ्यात. साठवणीचा कांदा चैत्र-वैशाखात घ्यावा. खरिपाचा कांदा टिकत नाही, तो आणावा आणि संपवावा. जुन्या बायका याला बेगमी म्हणायच्या. पण बेगमी करणाऱ्यानं पावसाळ्याचा विचार आधी करावा. आमच्याकडे चार महिने हवा इतकी ओली असते, की साठवण चुकली तर वाचवलेले पैसे किड्यांच्या पोटात जातात.

त्याची रीत साधी आहे. गहू आणि कडधान्यं कडक उन्हात दोन दिवस वाळवावीत. डब्यात मात्र गरम भरू नयेत, नाहीतर आत घाम धरतो. रात्रभर निवू द्यावीत आणि सकाळी भरावीत. डाळीला दहा किलोला दोन-तीन चमचे एरंडेल तेल चोळावं. गव्हात वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. तांदूळ उन्हात घालू नये, तो तडकतो आणि त्याची कणी होते. डबे जमिनीवर नकोत, फळीवर ठेवावेत. मोठा डबा पंधरा दिवसांतून एकदाच उघडावा आणि रोजच्यासाठी लहान डबा भरून घ्यावा. काही ठिकाणी तांदळाला बोरिक पावडर लावतात. ती खाण्याची वस्तू नाही. मुलाबाळांच्या घरात तर ती नकोच.

दुकानात गेल्यावर भाव वाचायचा तो पाकिटाचा नव्हे, वजनाचा. पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांची किंमत वर्षानुवर्षं तीच दिसते, आतले ग्रॅम मात्र घटत जातात. आता पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापणं नियमानं बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरांत असतो, पण असतो. तेलाचं उदाहरण घेऊ. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. समजा, एक लिटरची पिशवी १५० रुपयांना आहे आणि शेजारी तशीच दिसणारी ८५० ग्रॅमची पिशवी १४५ रुपयांना. दुसरी पाच रुपयांनी स्वस्त वाटते. पण किलोचा भाव काढला, तर पहिली सुमारे १६५ रुपये आणि दुसरी सुमारे १७१ रुपये पडते. 'मोठं पाकीट स्वस्त' हेही दर वेळी खरं नसतं, तेव्हा भागाकार करूनच घ्यावं. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा वजनात काही खोट दिसली, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक जवळ असू द्यावा.

कराचाही फरक पडतो. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठांवर पाच टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो नाही आणि २५ किलोंपेक्षा मोठ्या पोत्यावरही नाही. एका घराला तीस किलोंचा तूरडाळीचा कट्टा झेपत नाही. पण पाच-सहा घरांना झेपतो.

इथं एकत्र येण्याची गोष्ट येते आणि ती आपल्याकडे नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात महागाईनं कळस गाठला, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईतल्या हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. पुढं १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. बिंदुमाधव जोशी हे ग्राहक चळवळीचे प्रवर्तक, आणि संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसंही त्या कामात होती. पंचायतीची पद्धत बघण्यासारखी आहे. शेजारची काही घरं मिळून एक संघ करतात. प्रत्येक घर महिन्याची यादी आगाऊ देतं. माल घाऊक बाजारातून एकगठ्ठा घेतला जातो, एका घरी उतरतो आणि सभासदच तो आपापसात वाटून घेतात. दुकानाचं भाडं नाही, जाहिरात नाही. शिवाय यादी आधी द्यायची असल्यामुळे समोर दिसलं म्हणून उचललं, असं होत नाही. माझ्या मते निम्मी बचत तिथंच होते.

आमच्या वाडीवरच्या बचत गटानं हेच लहान प्रमाणावर सुरू केलं. अकरा घरं आहेत. महिन्याच्या पंचवीस तारखेला याद्या जमा होतात, पैसे आधी घेतले जातात, उधारी नाही. दोघीजणी पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात जातात. टेम्पोचं भाडं सगळ्यांत वाटलं जातं. सुरुवातीला वजनावरून कुरबुरी झाल्या. मग काटा मधोमध ठेवून, सगळ्यांच्या देखत माप करायचं ठरलं आणि कुरबुरी थांबल्या. पण गावातल्या वाण्याशी आम्ही नातं तोडलेलं नाही. अडीअडचणीला रात्री दार उघडतो तो तोच. किरकोळ सामान आम्ही त्याच्याकडूनच घेतो.

आणि आता, वाचवलेले पैसे कुठं घालायचे? वाढत्या मुलाच्या अंगाला लागतात ती प्रथिनं. तीस ग्रॅम डाळीचं एक वाटी घट्ट वरण, एक अंडं, एक पेला दूध किंवा मूठभर शेंगदाणे. यातल्या कशातूनही साधारण सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. चौघांतलं ज्या दिवशी जे स्वस्त असेल ते वाढावं, पण रोज वाढावं. बिस्किटांच्या पुड्याऐवजी शेंगदाणे-गूळ दिला, तर पैसेही वाचतात आणि पोटही भरतं. शाळेतल्या दुपारच्या जेवणात पाचवीपर्यंतच्या मुलाला १२ ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं सरकारी प्रमाण आहे. ते जेवण मुलानं जेवावंच. त्यात कमीपणा नाही, आणि ते प्रमाणात शिजतंय की नाही, हे अधूनमधून शाळेत जाऊन बघणं हे आपलं काम आहे.

महिनाअखेरीला आपण किती रुपये वाचले ते मोजतोच. त्याच वहीत आणखी एक ओळ लिहावी. या महिन्यात घरात डाळ किती किलो शिजली? आणि शेवटी जेवायला बसणारीच्या ताटात ती किती आली? रुपयांचा आकडा खाली आला आणि डाळीचा आला नाही, तर त्या घरानं काटकसर केली. दोन्ही आकडे खाली आले असतील, तर त्या घरानं उपास केला, असं म्हणावं लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)