ग्रंथिपेशींचे अभिरंजन आणि ऊतक स्थिरीकरण

ऊतक स्थिरीकरण म्हणजे शरीरातून काढलेल्या ऊतकाचा ऱ्हास थांबवून त्याची रचना रासायनिक द्रवाच्या साहाय्याने टिकविणे होय. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथिपेशी कशा रंगतात, हे रंगद्रव्याइतकेच या पहिल्या पायरीवरही अवलंबून असते. ग्रंथिपेशींची ओळख प्रामुख्याने त्यांच्यातील स्रावकणांवरून पटते, आणि स्थिरीकरणात हे कणच सर्वप्रथम विरघळण्याचा संभव असतो.

लघुआंत्राच्या अस्तरात याचे उत्तम उदाहरण सापडते. तेथील ग्रंथींच्या तळाशी पानेट पेशी असतात. ऑस्ट्रियन शरीरक्रियावैज्ञानिक जोसेफ पानेट यांनी १८८८ मध्ये त्यांचे वर्णन केले. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतकात त्यांचे कण ईओसिनने ठळक लाल दिसतात. कार्नॉय द्रवात मात्र अल्कोहोल व क्लोरोफॉर्मबरोबर सुमारे १० टक्के ॲसेटिक आम्ल असते. या आम्लामुळे कण नष्ट होतात आणि पेशी रिकाम्या भासतात. गंमत अशी की, शेजारच्याच चषक पेशींतील श्लेष्म्यासाठी हाच द्रव चांगला मानला जातो.

त्याच अस्तरातील सेरोटोनिनयुक्त पेशींची गोष्ट अधिक बोलकी आहे. फॉर्मॅल्डिहाइड सेरोटोनिनशी संयोग पावून कणांतच टिकणारे संयुग तयार करते. हे संयुग चांदीच्या क्षारांचे क्षपण करते, म्हणून कण काळे दिसतात. ऊतक थेट अल्कोहोलमध्ये टाकल्यास सेरोटोनिन विरघळून जाते आणि चांदीची प्रक्रिया होत नाही. या पेशींपासून उद्भवणाऱ्या अर्बुदांच्या निदानात अशी चूक महागात पडू शकते. पेशी रंगली नाही, यावरून ती तेथे नव्हतीच असा निष्कर्ष काढता येत नाही.

अधिवृक्क ग्रंथीच्या मध्यभागातील पेशी डायक्रोमेटने तपकिरी होतात. हे निरीक्षण हेन्ले यांनी १८६५ मध्ये नोंदविले. त्यासाठी ऊतक ताजे असावे लागते.

द्रव योग्य असूनही विलंब घातक ठरतो, कारण आतड्याचे अस्तर स्वतःच्याच विकरांनी लवकर विघटित होऊ लागते. जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत फॉर्मॅलिन सावकाश पोहोचते. त्यामुळे कडेच्या आणि आतील पेशी एकाच काचपट्टीवर निरनिराळ्या रंगतात. म्हणून तुकडा पातळ कापून त्याच्या आकारमानाच्या किमान दसपट द्रवात ठेवतात. चांदीच्या अभिरंजनात तुलनेसाठी, सेरोटोनिनयुक्त पेशी खात्रीने असलेल्या आंत्रपुच्छाचा फॉर्मॅलिनमध्ये स्थिर केलेला छेदही सोबत रंगवितात.