एका संगणकात दोन विंडोज, समोर दोन मॉनिटर. सॉफ्टवेअर कोणते घ्याल?

लग्नपत्रिका, केळी व्यापाऱ्यांची बिलबुके, निवडणुकीची पत्रके. यावलसारख्या तालुक्याच्या गावात डीटीपीचे दुकान यावरच चालते. वर्षानुवर्षांच्या फाइल मात्र पेजमेकरमध्ये आणि युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये अडकलेल्या असतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. विंडोज ११ चा नवा संगणक घेतला की ही जुनी जोडी नीट चालेलच असे नाही. त्यातून फॉन्टला यूएसबी लॉक असेल तर डोकेदुखी आणखी वाढते.

यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअलायझेशन. नव्या संगणकाच्या पोटात एक आभासी संगणक तयार करून त्यात जुने विंडोज चालवायचे. त्या विंडोजचा परवाना लागतोच.

आता मॉनिटरचा प्रश्न. जुन्या विंडोजला दोन्ही मॉनिटर खरेच हवेत का? बहुतेक ठिकाणी नको असतात. एकावर पेजमेकर, दुसऱ्यावर ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर, एवढेच काम असते. आभासी विंडोज एका मॉनिटरवर फुल स्क्रीन केले की भागते.

पेजमेकरच दोन्हीकडे पसरायचा असेल, तर निवड बघून करावी. ओरॅकलच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'डिस्प्ले' सेटिंगमधून ८ पर्यंत आभासी मॉनिटर देता येतात. सोबत व्हिडिओ मेमरी वाढवावी आणि आतल्या विंडोजमध्ये 'गेस्ट ॲडिशन्स' टाकावे. ते राहिले की स्क्रीन लहानच दिसते आणि लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. मूळ पॅकेज धंद्यासाठीही मोफत आहे, 'एक्स्टेन्शन पॅक' मात्र नाही.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीही मोफत झाले. फुल स्क्रीनमध्ये एका बटणावर ते दुसऱ्या मॉनिटरवर पसरते. दोन मॉनिटरसाठी हेच जास्त सोयीचे. डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमच्या संकेतस्थळावर खाते उघडावे लागते, तेवढा त्रास आहे.

मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही विंडोज होममध्ये मिळत नाही. शिवाय यूएसबी लॉक ते आभासी विंडोजला थेट जोडून देत नाही. लॉकवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

आत विंडोज ७ असेल तर त्याचे इंटरनेट बंदच ठेवावे. त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. आणि जुना संगणक भंगारात देण्याआधी नव्यावर एक जुनी पत्रिका उघडून, जोडाक्षरे तपासून, प्रत्यक्ष छापून पाहावी.