सून नागरिक कधी होते?

२००९ सालची गोष्ट. मी तेव्हा पश्चिम राजस्थानातील एका सीमावर्ती जिल्ह्याचा जिल्हाधिकारी होतो. नागरिकत्वाच्या अर्जांचा गठ्ठा महिन्यातून एकदा माझ्या टेबलावर येई. त्यात सिंधमधील उमरकोटच्या एका महिलेचा अर्ज होता. १९९९ मध्ये विवाह करून ती या जिल्ह्यात आली होती. पती ट्रकचालक, दोन मुले, दहा वर्षांचे वास्तव्य, दीर्घ मुदतीच्या व्हिसाची सारी नूतनीकरणे वेळेवर झालेली. अर्जात वरवर काहीच कमी नव्हते. कारकुनाने मात्र समासात शेरा लिहिला होता : ‘अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत अर्जदार चाळीस दिवस भारताबाहेर. अपात्र.’

आईच्या निधनाची बातमी आल्यावर ती थर एक्स्प्रेसने माहेरी गेली होती. गाडी आठवड्यातून एकदाच धावे. परतीच्या परवानगीच्या कागदांना उशीर झाला आणि चाळीस दिवस गेले. मी नियम पुन्हा वाचला. त्यात संदिग्धता नव्हती आणि माझ्या हातात सवलतही नव्हती. मी सही केली. अर्ज परत गेला. ‘बारा महिने पूर्ण झाले की पुन्हा या,’ असे आम्ही तिच्या दिराला सांगितले.

या सह्या करताना मनात इतिहास येत राहायचा. उमरकोट हे अकबराचे जन्मस्थान म्हणून पाठ्यपुस्तकात भेटते. पण बाडमेर-जैसलमेरच्या लोकांसाठी ते सोयऱ्यांचे गाव आहे. तेथील सोढा राजपूत आपल्या कुळात विवाह करत नाहीत. म्हणून ते पिढ्यानपिढ्या राठोड आणि भाटी घराण्यांशी सोयरीक करत आले. १९४७ मध्ये या सोयरिकीच्या मधोमध सीमा आली. १९६५ च्या युद्धात जोधपूरकडून सिंधकडे जाणारा लोहमार्ग बंद झाला. तो २००६ मध्ये मुनाबाव-खोखरापारमार्गे सुरू झाला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा थांबला. सोयरिकी मात्र थांबल्या नाहीत. त्यामुळे इतर जिल्ह्यांत क्वचित उद्भवणारा प्रश्न येथे नित्याचा असे : बाहेरून आलेली सून भारताची नागरिक कधी होते?

याचे सोपे उत्तर ‘सात वर्षांनी’ असे दिले जाते. ते अपुरे आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ नुसार भारतीय नागरिकाशी विवाहित असलेल्या आणि भारतात सात वर्षे ‘सामान्यतः निवासी’ असलेल्या व्यक्तीला नोंदणीसाठी अर्ज करता येतो. म्हणजे घड्याळ लग्नाच्या मुहूर्तावर सुरू होत नाही. ते भारतातील वास्तव्यापासून सुरू होते. लग्नानंतर पाच वर्षे व्हिसाची वाट पाहत माहेरीच राहिलेल्या वधूची ती पाच वर्षे हिशेबात धरली जात नाहीत. सात वर्षांची मोजणीही दोन तुकड्यांत होते. अर्जाच्या लगत आधीचे बारा महिने अखंड वास्तव्य हवे आणि त्यापूर्वीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे. पहिल्या आठ वर्षांत दोन वर्षांची सूट आणि शेवटच्या वर्षात एका दिवसाचीही नाही, अशी ही रचना होती. २०१५ च्या दुरुस्तीने शेवटच्या वर्षातील खंड विशेष परिस्थितीत, कारणे लेखी नोंदवून, तीस दिवसांपर्यंत माफ करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्या महिलेचे चाळीस दिवस आजही या सवलतीत बसले नसते.

शिवाय पात्रता म्हणजे नागरिकत्व नव्हे. पात्र व्यक्तीला केवळ अर्जाचा अधिकार मिळतो. ती बेकायदा स्थलांतरित नसावी, ही पूर्वअट आहे. २००९ च्या नियमांप्रमाणे अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडून राज्याकडे आणि राज्याकडून केंद्राकडे जातो. वाटेत पोलीस आणि गुप्तवार्ता विभागाची पडताळणी होते. अर्ज मान्य होण्याच्या टप्प्यावर मूळ देशाचे नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यावा लागतो, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. आणि कलम १४ सरकारला अर्ज मंजूर वा नामंजूर करण्याचा स्वेच्छाधिकार देते. त्याची कारणे देण्याचे बंधन घालत नाही.

त्या महिलेची कहाणी येथे संपली असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. आठ महिन्यांनी तिचा दीर पुन्हा कचेरीत आला. या वेळी त्याच्या हातात अर्ज नव्हता, भावाच्या मृत्यूचा दाखला होता. महामार्गावर अपघात झाला होता. ‘हुकुम, आता चार महिन्यांनी अर्ज भरायचा का?’ एवढेच त्याने विचारले. मी कायद्याचे पुस्तक उघडले आणि ज्या शब्दांकडे आजवर लक्ष गेले नव्हते, ते शब्द मला प्रथमच दिसले. कलमात ‘विवाहित असलेली व्यक्ती’ असे म्हटले आहे. ‘विवाहित असलेली किंवा विवाहित असलेली होती अशी’ असे म्हटलेले नाही. ती आता विधवा होती. कलमाच्या शब्दांप्रमाणे तिच्यासाठी हा दरवाजा बंद झाला होता.

हे शब्द नेहमीच असे नव्हते. ब्रिटिश साम्राज्याच्या १९१४ च्या कायद्यात स्त्रीचे राष्ट्रीयत्व पतीच्या मागे आपोआप जाई. परक्याशी विवाह केला की स्वतःचे राष्ट्रीयत्व जाई आणि ब्रिटिश प्रजाजनाशी केला की तिला त्याचे मिळे. स्वतंत्र भारताने १९५५ मध्ये ही आपोआपची पद्धत नाकारली आणि स्त्रीच्या स्वतःच्या अर्जाला स्थान दिले. त्या मूळ कलमात भारतीय नागरिकांशी विवाहित असलेल्या ‘किंवा विवाहित होत्या अशा’ स्त्रियांना नोंदणीची मुभा होती. वास्तव्याच्या वर्षांची अट नव्हती. विधवा आणि घटस्फोटिता त्यात सामावल्या होत्या. १९६८ मध्ये भारतात येऊन विवाह केलेल्या सोनिया गांधी यांची नोंदणी १९८३ मध्ये झाली, ती याच मूळ कलमाखाली. त्या कायद्यात दोष होता तो वेगळा : भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीला हा मार्गच नव्हता.

१९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ हा शब्द काढून ‘व्यक्ती’ हा शब्द आणला. हा विषमतेवरचा योग्य उपाय होता. त्याच वेळी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. पण ‘किंवा विवाहित होत्या’ हे शब्द टिकले. आसाम आंदोलनानंतरचा तो काळ होता आणि नागरिकत्वाचे सारेच दरवाजे अरुंद होत होते. पुढे २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षे केली आणि हे शब्दही गळाले. ही दुरुस्ती डिसेंबर २००४ मध्ये अमलात आली. सातचा आकडा सर्वांना ठाऊक झाला. गळालेल्या शब्दांची चर्चा मी प्रशासनात असताना क्वचितच ऐकली. २०१९ च्या दुरुस्तीवरून देश ढवळून निघाला, तेव्हाही विवाहाच्या या तरतुदीकडे फारसे लक्ष गेले नाही आणि ती जशीच्या तशी राहिली.

मग त्या महिलेपुढे कोणता मार्ग उरला होता? अविभाजित भारतात जन्मलेल्यांच्या मुलांसाठी नोंदणीचा वेगळा मार्ग आहे. पण तिचे आई-वडील दोघेही १९४७ नंतर जन्मलेले. राहिला तो कलम ६ चा, स्वीकृतीने नागरिकत्व मिळवण्याचा सर्वसाधारण मार्ग. त्यासाठी अखंड बारा महिने आणि त्यापूर्वीच्या चौदा वर्षांत किमान अकरा वर्षे वास्तव्य हवे. शिवाय संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान हवे. महाराष्ट्रात आलेल्या सुनेला येथे मराठी कामी येईल. थरमधून आलेल्या या महिलेच्या तोंडी मात्र मारवाडीला जवळची अशी बोली होती आणि राजस्थानी आठव्या अनुसूचीत नाही. सिंधी आहे. तिला सिंधी येत होती, म्हणून ही अट निभावली. सीमेपलीकडच्या शाळेत शिकलेली भाषा तिला सीमेअलीकडे उपयोगी पडली. कलम ६ खालील तिचा अर्ज मुदत भरल्यावर दाखल झाला. माझी बदली झाली तेव्हा तो प्रक्रियेत होता. तिची दोन्ही मुले जन्मापासून भारतीय नागरिक होती. त्यांची आई त्यांच्याच घरात दर नूतनीकरणाला पोलीस चौकीत हजेरी लावणारी परकी होती.

प्रतीक्षेची बाजूही मांडली पाहिजे, कारण मी आयुष्यभर त्याच बाजूला बसलो आहे. खोट्या विवाहांतून नागरिकत्व मिळवण्याचे प्रयत्न होतात. सीमावर्ती जिल्ह्यांत सुरक्षेची चिंता काल्पनिक नाही. काही वर्षांचे एकत्र वास्तव्य हा विवाहाच्या खरेपणाचा वाजवी पुरावा आहे. अमेरिका स्थायी निवासी झालेल्या जोडीदाराला तीन वर्षांनी अर्ज करू देते, ब्रिटनही तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर. आपण सात ठेवावीत की पाच, यावर मतभेद असू शकतात. माझा आक्षेप आकड्याला नाही. या सात वर्षांत त्या व्यक्तीचा देशातील हक्क सर्वस्वी जोडीदाराच्या आयुष्यावर आणि मर्जीवर टांगलेला राहतो, याला आहे. पती मरण पावला तर विवाह खोटा होता असे सिद्ध होत नाही. पतीने घराबाहेर काढले तर तसे सिद्ध होत नाही. उलट सातवे वर्ष जवळ येईपर्यंत मारहाण मुकाट्याने सोसण्याचे कारणच कायदा तिला पुरवतो.

दुसऱ्या सीमेवर हाच प्रश्न उलट्या रूपात भेटतो. नेपाळची सुमारे १,७५० किलोमीटरची सीमा खुली आहे. १९५० च्या करारामुळे नेपाळी नागरिकाला येथे राहण्यासाठी व्हिसा लागत नाही. बिहारच्या सात जिल्ह्यांत तराईशी रोटी-बेटीचा व्यवहार इतका सहज आहे की विवाहानंतर नोंदणी करावी लागते, हेच अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. शिधापत्रिका मिळते, मतदार ओळखपत्रही मिळते आणि सून नागरिक झाली असे सगळे धरून चालतात. २०२५ मध्ये बिहारच्या मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली आणि २००३ ची यादी किंवा जन्माची व आई-वडिलांची कागदपत्रे मागितली गेली, तेव्हा नेपाळात जन्मलेल्या सुनांची धावपळ झाली. त्यांनी काही लपवले नव्हते. वर्षानुवर्षे त्या पात्र होत्या. फक्त अर्ज करायचा असतो हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, केंद्राने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले, हे योग्यच झाले. पण ज्यांचा दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज अजून मंजूर व्हायचा होता, त्या विवाहित स्त्रिया अटारीच्या वाटेवर उभ्या राहिल्या. काहींची मुले अलीकडे, त्या पलीकडे. त्या निर्णयाच्या गरजेविषयी माझा वाद नाही. कागद हातात असणे आणि कागद कचेरीत असणे यांत किती अंतर आहे, हे त्या आठवड्यात दिसले.

उपाय मोठे नाहीत. २००३ मध्ये गळालेले शब्द संसदेने परत आणावेत. निदान विधवांसाठी आणि ज्यांची मुले भारतीय नागरिक आहेत अशा घटस्फोटितांसाठी. मृत्यू, आजारपण किंवा रस्ता बंद झाल्यामुळे पडलेला शेवटच्या वर्षातील खंड माफ करण्याची मर्यादा तीस दिवसांवरून वाढवावी. आणि सीमावर्ती जिल्ह्यांत विवाह नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यानेच बाहेरून आलेल्या जोडीदाराला एक छापील कागद द्यावा : तुमची मुदत या तारखेला सुरू झाली, या तारखेला तुम्ही पात्र व्हाल, अर्ज येथे करा. अखेरच्या सूचनेसाठी कायदाही बदलावा लागणार नाही. एखाद्या जिल्हाधिकाऱ्याच्या परिपत्रकाने ते होईल. माझ्या हातात ते होते, तेव्हा मला सुचले नाही.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)